पट्टी कोरडी होती

"मॅडम, आज अँजिओग्राफी झालेले पेशंट, ते मास्तर, पांढरेफटक पडलेत. ब्लडप्रेशर लागत नाहीये. तातडीने स्कॅन लागेल बहुतेक."

नर्सचा फोन ठेवून रेडिऑलॉजिस्ट बाई वॉर्डाकडे धावल्या. अँजिओग्राफी करणारा डॉक्टर, म्हणजे त्यांचा सख्खा थोरला भाऊ, खाटेपाशीच उभा होता. तो म्हणाला, जांघेतून नळी घातली होती, पाय हलवू नका असं बजावलं होतं. तरी हे उठून संडासला गेले. जखम उघडली असणार.

निवृत्त मास्तरांनी डोळे मिटून घेतले. नर्स मुलीच्या वयाची, तिच्याकडे भांडं मागायची लाज वाटली, एवढंच ते पुटपुटले. बायको रडता रडता त्यांनाच बोल लावत होती.

बाईंनी पट्टी पाहिली. कोरडी. जांघेत सूजही नव्हती.

"दुखतंय कुठे?"

"कमरेत."

"उठल्यावर सुरू झालं?"

"नाही. आत टेबलावरच. डॉक्टरांना सांगितलं होतं."

भाऊ खिडकीबाहेर बघू लागला.

रक्त चढवत मास्तरांना सीटी स्कॅनला नेलं. पडद्यावर चित्र उमटलं. बाईंनी सर्जनला गळतीची जागा दाखवली. त्याने धमनीत आतून आवरण असलेला स्टेंट बसवून ती बंद केली. मास्तर वाचले.

ते नीट बोलू लागल्यावर बाईंनी भावाला खाटेपाशी बोलावून घेतलं.

"मास्तर, तुमच्या उठण्याने जखम उघडली असती, तर पट्टी भिजली असती, मांडी सुजली असती. रक्त साचलं होतं पोटाच्या मागे. सुई जांघेच्या बरीच वर टोचली गेली, धमनीच्या आरपार. तिथे मागे हाड नसतं, त्यामुळे वरून कितीही दाबलं तरी छिद्र बंद होत नाही. आणि कंबर तर तुम्ही उठायच्या आधीपासून दुखत होती. चूक तुमची नव्हती." त्या भावाकडे वळल्या. "दादा, तुला टेबलावरच शंका आली होती ना?"



"आली होती," तो म्हणाला. "थांबेल आपोआप, असं वाटलं. मग हे उठले, आणि... मला सोपं झालं."

सुई चुकू शकते, हे बाईंना ठाऊक होतं. पण मरणाच्या दारातल्या माणसाच्या माथी दोष मारणारा आपल्याच घरातला निघाला, म्हणून त्यांना मान वर करवेना.

भावाने हात जोडले. मास्तरांच्या बायकोने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिने नवऱ्याचा हात हातात घेतला.

"मला माफ करा हो," ती नवऱ्याला म्हणाली. "मीही तुम्हालाच बोलले."