चाळीस मिनिटांचं जंगल

बस, दादा. दिवा असाच बारीक राहू दे, ती आत झोपलीय. सगळं ऐकून घे आणि मग बोल. मधे थांबवलंस तर माझ्याच्याने पुढे सांगवणार नाही.

महिन्यापूर्वी मी त्या जंगलातल्या लॉजच्या कामाला गेलो होतो, आठवतं ना? काम किरकोळ होतं. स्पीकर खरखरतात, येऊन बघा, रात्रीची खोली फुकट देतो, असा निरोप होता. वायरमनला कोण फुकट खोली देतं? पोरीच्या शाळेला सुट्टी होती, तिची आई माहेरी गेलेली, म्हणून पोरीलाही बरोबर घेतलं. तिला आपण टकळी म्हणतो ते काही उगाच नाही. तीन तासांच्या रस्त्यात तिने माझं डोकं खाल्लं.

लॉज बघून मला हसूच आलं. भोवती खरं जंगल, आणि आत जंगलाची हौस! ओंडक्यांच्या खोल्या, मुळांच्या खुर्च्या, उशांवर पानं छापलेली, नळाच्या पाइपला प्लॅस्टिकचे वेल गुंडाळलेले. आणि प्रत्येक खोलीत, वाटेवर, झाडाझाडांच्या बुंध्याशी पोकळ ओंडके ठेवलेले. त्यांच्यात स्पीकर. दिवसरात्र पाखरांचे, रातकिड्यांचे, घुबडाचे आवाज चालू.

"खऱ्या झाडांत पाखरं नाहीत का?" मी विचारलं. लॉज सांभाळणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत होते.

"नाहीत," मावशी म्हणाल्या. "कधीच नव्हती."

मी यंत्र तपासलं. चाळीस मिनिटांचं एकच रेकॉर्डिंग फिरून फिरून वाजत होतं. घुबड दोनदा घुमलं की त्यामागे एक खोकला येई. ज्याने कुणी हे रेकॉर्ड केलं तो गडी खोकला होता आणि ते कुणी काढलंच नव्हतं. टकळीला त्याची भारी गंमत वाटली. घुबड घुमलं की ती बोटावर मोजायची आणि बरोबर वेळेला स्वतःही खोकायची.

मावशींनी जेवण वाढताना एवढंच सांगितलं, "काम उद्या उजेडी करा. रात्री आवाज बंद करायचा नाही."

"पाहुण्यांना झोप येत नाही का आवाजाशिवाय?"

"आज पाहुणे कुठे आहेत? तुम्ही दोघंच." त्या भांडी उचलायला लागल्या. "ते आवाज ऐकत बसतं. तेवढ्यात त्याचं भागतं."

"कोण ऐकत बसतं?"

मावशी आत निघून गेल्या. मी म्हटलं, म्हातारीचं काहीतरी.

आमच्याच खोलीतला स्पीकर सगळ्यात जास्त खरखरत होता. पोरीला झोप येईना. अर्ध्या तासाचं काम, म्हणून मी उठलो. तुला माझी सवय माहीत आहे. मेन काढल्याशिवाय मी तारेला हात लावत नाही, आणि काढलेला फ्यूज खिशात ठेवतो, म्हणजे दुसरं कुणी येऊन चालू करायला नको. स्वयंपाकघरामागच्या बोर्डातून फ्यूज काढला, खिशात टाकला आणि बॅटरीच्या उजेडात खोलीवर परत आलो. इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. पानसुद्धा वाजत नव्हतं. ओल्या लाकडाचा कुबट वास तेवढा येत होता.

"बाबा, लाइट गेली का?" टकळीने विचारलं.

"मीच काढलीय. झोप तू."

मी ओंडका उघडला. तार जोडायला घेतली आणि बाहेर रातकिडे सुरू झाले. मला आधी बरंच वाटलं. म्हटलं, आहेत की खरे रातकिडे! मग घुबड घुमलं. एकदा... पुन्हा एकदा. आणि त्यामागे, झाडांमधून, माणूस खोकला.

फ्यूज माझ्या खिशात होता, दादा.

पोर उठून बसली. आम्ही दोघं खिडकीकडे बघत राहिलो. खिडकीच्या अगदी खालून आवाज आला, "बाबा, लाइट गेली का?" तोच सूर, "गेली"वर तसाच हेल काढलेला.

मी टकळीच्या तोंडावर हात ठेवला. एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ते जे ऐकतं तेच बोलतं. मी तिच्या कानाशी तोंड नेलं. "आता एक अक्षर बोलायचं नाही... मी आवाज चालू करून येतो. कुणी हाक मारली तरी दार उघडू नकोस. मी हाक मारणारच नाही. माझ्याकडे किल्ली आहे."

तिने मान हलवली. तिला बरोबर नेता आलं असतं. पण ते बाहेर होतं आणि आत चार भिंती होत्या, असा विचार मी केला. त्या विचारापायी मी आज असा बसलोय. दार नुसतं ओढलं की कुलूप बसायचं. आतून मात्र ते कुणालाही उघडता यायचं.

बॅटरी दातात धरून बोर्ड उघडला. फ्यूज खाचेत जाईना. मागून, फार तर दहा पावलांवरून, आवाज आला.

"बाबा... मला एकटीला भीती वाटते. मी आलेय."

मी वळलो नाही.

"बाबा, इकडे बघ ना."

ती रडत होती. म्हणजे, आवाज रडत होता. मी डोळे घट्ट मिटून फ्यूज दाबला. चारी बाजूंनी पाखरं, किडे, सगळं एकदम उसळलं आणि त्या गलक्यात मागचा आवाज बुडून गेला. बॅटरी फिरवून पाहिलं. कुणी नव्हतं.

धावत खोलीवर आलो. कुलूप जसंच्या तसं. किल्लीने उघडलं. पोर पलंगावर बसलेली, हात मांडीवर, ओठ मिटलेले. मी तिला कवटाळून हमसाहमशी रडलो. सकाळपर्यंत तिने तोंडातून ब्र काढला नाही, आणि मला तिचा केवढा अभिमान वाटला!

परतीच्या वाटेत निम्म्यावर आल्यावर मी करकचून ब्रेक दाबला. ते ऐकलेलंच बोलतं ना? मग "मला एकटीला भीती वाटते" हे खोलीत कोण, कधी बोललं होतं?

मी शेजारी पाहिलं. ती बिस्कीट खात होती. "काय झालं, बाबा? गाडी का थांबवलीस?" तिने विचारलं. हेही नवीनच वाक्य होतं, कुठे ऐकलेलं नव्हे. म्हटलं, म्हणजे ही आपलीच, आणि गाडी पुढे काढली. महिनाभर स्वतःची समजूत घालत राहिलो. ती शाळेत जाते, भांडते, पाढे चुकते. तिच्या आईला यातलं काही माहीत नाही.

आज संध्याकाळी मावशींचा फोन आला.

"पोर बरी आहे ना तुमची?"

"मजेत आहे. का हो?"

"नाही... रात्री इथे तिचा आवाज येतो. त्याचं काही नाही, आवाज राहतात इथे. रोज तेच चालायचं, बाबा इकडे बघ, इकडे बघ. काल मात्र वेगळंच बोलली."

"काय बोलली?"

"म्हणाली, 'बाबा, माझा दात पडला.'"

आम्ही लॉजवर गेलो त्या आठवड्यात तिचा खालचा पुढचा दात हलत होता. दोरा बांधून ओढू का, म्हणून मी तिला छळायचो. फोन ठेवला आणि तिला हाक मारली. आ कर म्हटलं. बोटाने दात दाबून पाहिला. हलला नाही. पुन्हा दाबला. घट्ट होता.

"काय बघतोस, बाबा?" ती म्हणाली.

गाडी दारात उभी आहे, दादा. मी आत्ता लॉजवर निघतोय. तू फक्त एवढं सांग, हिला घरात ठेवून जाऊ, की बरोबर घेऊन?