केबलचं उघडं टोक

दुपारची जेवणं उरकली की लोणावळ्याच्या त्या बाळंतिणींच्या दवाखान्यात सगळं निवांत होई. त्या दिवशी डॉक्टरीणबाई खंडाळ्याला एका अडलेल्या बाईकडे गेल्या होत्या, आया चंपा जिन्यात बसून तांदूळ निवडत होती, आणि कुमुद नेहमीसारखी पेटीपाशी होती. पेटी लाकडी, वर काचेचं झाकण. आत कापसाच्या गादीवर तिचा आठव्या महिन्यातच आलेला मुलगा, आणि चारही कोपऱ्यांत दिवे. त्या दिव्यांच्या उबेवर पोराचा जीव होता. अंगावर ओढून प्यायची ताकद त्याच्यात नव्हती. दूध ड्रॉपरनं थेंब थेंब द्यावं लागे. मागे एकदा पेटी गार पडली तेव्हा त्याचे ओठ निळे झालेले तिनं पाहिले होते. तेव्हापासून तिची नजर काचेवरून हलत नव्हती.

अडुसष्टचा जानेवारी होता. लाइनीचं काम निघाल्यामुळे गावची वीज सकाळीच गेली होती. पण त्याची कुणाला काळजी नव्हती. जिन्यामागच्या खोलीत बॅटऱ्यांची रांग होती, आणि बॅटऱ्यांच्या जोरावर फिरून घरातले दिवे चालवणारं एक यंत्र होतं. त्याची घरघर फरशीतून तळपायांना लागे.

ती घरघर मध्येच अडखळली. पाठोपाठ जळक्या रबराचा वास आला.

कुमुद खाली धावली. पुण्याला फिजिक्स घेऊन बी. एस्सी. झालेली बाई, कुठे बघायचं ते तिला ठाऊक होतं. बॅटरीला जिथे ती अंगठ्याएवढी जाड केबल जोडली होती, तिथलं रबर फुगून तडकलं होतं. बोट जवळ नेलं तर चटका.

चंपानं रेल्वेच्या चाळीतून सोपानला बोलावून आणलं. सोपान परंदवड्याचा, गाड्यांच्या डब्यांखालच्या बॅटऱ्यांवर काम करणारा. आल्या आल्या तो उकिडवा बसला आणि ते टोक न्याहाळून म्हणाला, "कुनाचं हे कसब?"

"मागच्या महिन्यात मिस्त्री आला होता एक," कुमुद म्हणाली. "त्याच्याकडचा लग, ही टोकावरची तांब्याची नळी, लहान होता. त्यात केबल बसावी म्हणून त्यानं बाहेरच्या तारा छाटल्या असणार. उरलेल्या तारांतून सगळा करंट जातोय. तापणारच."

"पागोटं बसंना म्हनून डोकं तासलं म्हना की!" सोपान हसला. "माझा जोड बगा कंदी. मेल घाट चढून येती, तरी हात लावला तर माठावानी गार."

"बढाई नंतर मारा, सोपानभाऊ. पेटी किती वेळ बंद राहील?"

त्याचं हसू गेलं. "यंतर तर थांबवाया लागंल. आन् चांगला जोड घाईनं व्हत न्हाई, ताई. हाय असाच ठिवला तर कवा पेटंल, सांगता येत न्हाई."

कुमुदनं जिन्याकडे पाहिलं. "चांगलाच करा," ती म्हणाली.

चंपानं पेटीत गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. यंत्राची घरघर उतरत उतरत थांबली.

बॅटऱ्यांजवळ जाळ नको म्हणून सोपाननं केबलचं सुटं टोक दाराबाहेर ओढून घेतलं. जळका भाग कापला, आणि चाकू केबलभोवती असा फिरवला की रबर टोपीसारखं निघून आलं. आतल्या एकाही तारेवर ओरखडा नाही. शेकडो तारा, केसाहून बारीक, उन्हात झळझळल्या. त्यानं त्या फुंकरीनं मोकळ्या केल्या, बोटांनी विंचरल्या आणि मूळच्या पिळाच्याच दिशेनं हलका पीळ दिला. एक तार बाजूला पळाली होती. तिला नखानं अलगद ओढून घरात घेतलं. कुमुदला क्षणभर पेटीचा विसर पडला. एवढ्या राकट बोटांत इतकी माया असते हे तिनं कुणा सुईणीच्या हातांतही पाहिलं नव्हतं.

"ताई!" वरून चंपानं हाक दिली. "दिवं चालूच हायेत की!"

दोघांनी यंत्राकडे पाहिलं. ते निश्चल उभं होतं. सोपानच्या डाव्या मुठीत उघड्या तारा होत्या.

"काच चकाकत आसंल," तो म्हणाला. मग ब्लोलॅम्प पेटवायला त्यानं केबल खाली ठेवली.

"गेलं! दिवं गेलं!"

त्यानं तारा पुन्हा मुठीत घेतल्या.

"आलं!"

मग कुमुदकडे न बघता त्यानं टोक तिच्यापुढे केलं. "धरा. मला कथील वितळवायला दोनी हात लागत्याल."

तिनं धरलं.

धक्का बसला नाही. तारा कोमट होत्या, आणि त्या तळहात ओढत होत्या. हलकेच, थांबून थांबून. दमून सोडल्यासारखं करायच्या आणि पुन्हा धरायच्या. अंगावर प्यायलेलं मूल तिनं अजून अनुभवलं नव्हतं, तरी ही ओढ कसली ते तिला कळलं. तिचा पदर दुधानं भिजला.

सोपाननं नवा मोठा लग तापवला, त्यात कथील ओतलं. ते पाऱ्यासारखं थरथरलं. रबरावर त्यानं ओलं फडकं गुंडाळलं. कथील वर चढलं तर तार ताठ होऊन तिथेच मोडते.

"सोडा आता, ताई."

तिला सोडवेना.

"ताई. निवंल ते."

तिनं मूठ उघडली.

वरून आवाज आला नाही.

सोपाननं टोक कथिलात बुडवलं आणि धरून ठेवलं. आता हात हलला की जोड बिघडला. त्याच्या कपाळावरचा घाम भुवईत उतरला, पण मनगट दगडाचं होतं. कथिलाची चमक हळूहळू विझून मंद झाली. मग बोल्ट. मग पान्याचा शेवटचा आटा. मग खटका.

घरघर सुरू झाली.

"आलं गं बाई!" चंपाचा आवाज रडवेला होता. "गुलाबी हाय प्वार!"

बऱ्याच वेळानं सोपाननं उलटा हात जोडावर ठेवला. तो गार होता, माठासारखा. पण त्यानं बढाई मारली नाही. पाण्याचा तांब्याही न घेता तो निघून गेला.

पोर बाळसं धरू लागलं. शिमग्याच्या आधी कुमुद त्याला घेऊन कामशेतला आपल्या घरी आली. समोर भाताची गिरणी होती. दिवसभर तिचा ठोका चाले. आता पोरगा अंगावर प्यायचा, असा की नवऱ्यानं हसून म्हणावं, "सावकाश रे, पळून नाही जात ती."

एका दुपारी तो पिता पिता झोपला आणि गिरणीचा ठोका थांबला. वीज गेली होती.

तिच्या उजव्या तळहातात ओढ सुरू झाली.

हलकी, थांबून थांबून. त्या पेटीत आता कुणाचं तरी लेकरू असणार, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. तिचा जीव कळवळला. तिनं हात मांडीवर उताणा ठेवला आणि बोटं सैल सोडली. पी बाबा.

दुपट्यातून मुलाचं पाऊल बाहेर आलं होतं. ते आत सारायला तिनं डावा हात नेला. पाऊल गार होतं. तिनं दुसरं चाचपलं. मग गुडघा.

तिनं उजवी मूठ घट्ट आवळली. ओढ थांबली नाही. पोटभर मिळू लागलेल्या मुलासारखी ती आता जोमानं घोट घेत होती.