बेबाबाईच्या हॉटेलावरचा पोकळ ठिपका

शालिग्राम भंगाळे सर धुळ्याच्या पोरांना गणित शिकवायचे, आणि तेही जळगावातल्या खुर्चीवरून बूड न हलवता. सत्त्याण्णव साली हे कुणाला सांगितलं तर ऐकणारा आधी सरांच्या तोंडाकडे बघायचा आणि मग ताप आहे का म्हणून त्यांच्या कपाळाला हात लावायचा. पण गोष्ट खरी होती. सरांच्या कॉलेजात एक कॉम्प्युटर, धुळ्याच्या कॉलेजात एक कॉम्प्युटर आणि मधे टेलिफोनची तार. तारेच्या दोन्ही टोकांना मोडेम नावाची डबी. शेपटीवर पाय पडलेल्या मांजरीसारखी ती आधी किंचाळायची, मग घसा खाकरायची, आणि मग सरांनी जळगावात माऊस सरकवला की धुळ्यातल्या पडद्यावरचा ठिपका सरकायचा. तिकडे पोरांनी सरकवला की इकडे सरकायचा. बोलायला शेजारी दुसरा फोन. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची सगळी पोरंपोरी त्या एका पडद्यापुढं एकमेकांच्या खांद्यावरून माना काढून बसायची.

हा प्रोग्राम लिहिला होता चुडामण बडगुजरनं. कॉलेजातले कॉम्प्युटर तोच सांभाळायचा. कॉम्प्युटरच्या खोलीत बाहेरच्या चपला चालत नसत, म्हणून चुडामण मोजे घालून हिंडायचा, आणि दोन्ही मोज्यांना अंगठ्यापाशी भोक होतं.

"सर, याला ऑनलाइन म्हणतात," तो दर तासाआधी सांगायचा. सर रात्रीतून विसरले असतील अशी त्याला धास्ती असावी.

त्या मंगळवारी धडा अगदी साधा होता. फंक्शन म्हणजे काय? एका जागेला एकच उत्तर. दोन उत्तरं आली की फंक्शन बाद. सरांना कोरडं शिकवणं जमत नसे. त्यांनी जळगाव–धुळे विनाथांबा गाडीच घेतली उदाहरणाला. आडव्या रेघेवर रस्ता, उभ्या रेघेवर घड्याळ.

"रस्त्यावरच्या कुठल्याही दगडाला विचारा," सर फोनमधून म्हणाले, "बाबा रे, गाडी तुझ्यापाशी किती वाजता होती? त्यानं एकच वेळ सांगितली पाहिजे."

रेघ पडद्यावर झोकात निघाली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. पारोळ्याच्या थोडं पुढं मात्र ती अडली आणि सरळ वर चढली, विजेच्या खांबासारखी.

धुळ्याच्या बाजूला हशा पिकला. त्यातून एक ठसठशीत आवाज आला, "सर, ही उभी रेघ म्हणजे माझी आई!"

ही प्रमिला. वर्गात सगळ्यांत चलाख. पारोळ्यापुढं निंबाखाली तिच्या आईचं, बेबाबाईचं, हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चार बाकं, एक भट्टी आणि कांद्याच्या भज्यांचा असा वास की विनाथांबा गाडीसुद्धा तिथं चांगला अर्धा तास थांबायची. ड्रायव्हर सुपडूनानाचं पोट त्याच भज्यांवर पोसलेलं. स्टिअरिंग आणि पोट यांच्यामधून हवादेखील जात नसे. प्रमिला रोज आईकडूनच सकाळच्या गाडीनं धुळ्याला यायची, आणि सर दर शनिवारी धुळ्याला प्रत्यक्ष तास घ्यायला यायचे तेव्हा त्यांच्यासाठी कागदात भजी ठेवायची.

"तुझ्या आईमुळे माझं फंक्शन बिघडतंय, पोरी," सर म्हणाले. "एका जागेला अर्ध्या तासाच्या सगळ्या वेळा! चालायचं नाही. गाळून टाकू."

त्यांनी माऊस त्या जागी नेला आणि बटण दाबलं. उभी रेघ गेली. तिच्या जागी पोकळ ठिपका उरला. गणितात पोकळ ठिपका म्हणजे, ही जागा हिशेबात नाही.

"गेल्या बेबाबाई!" सर हसत म्हणाले.

धुळ्याची पोरं हसली. त्या हसण्यात एक आवाज कमी होता. पण तार जुनी होती, खरखर नेहमीचीच. सरांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

शनिवारी सर विनाथांबा गाडीत बसले. पारोळा मागं पडलं तसं त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं, सवयीनं. त्यांनी रुमाल मांडीवर पसरला. गाडी मात्र वेग कमी करेना. सरांनी खिडकीतून पाहिलं. कपाशी, कपाशी, पुन्हा कपाशी. निंब नव्हता. बाकं नव्हती. भट्टीच्या काळ्या दगडांची खूणसुद्धा नव्हती. कपाशीच्या ओळी एका बाजूनं येऊन दुसऱ्या बाजूला सरळ निघून गेल्या होत्या, मधे कधी काही नव्हतंच अशा.

सर उठून पुढं गेले. "सुपडूनाना, आज बेबाबाईकडं नाही थांबलात?"

"कोन बेबाबाई?" सुपडूनाना म्हणाला. "आपली गाडी विनाथांबा शे, भाऊ."

सरांची नजर खाली गेली. सुपडूनाना आणि स्टिअरिंग यांच्यामधे आता एक पोरगं मांडीवर बसलं असतं एवढी जागा होती. माणूस काटकुळा झाला होता. एका आठवड्यात नव्हे. पहिल्यापासूनच तसा असावा तसा.

गाडी धुळ्याला अर्धा तास लवकर पोचली. सगळे उतारू खूश.

वर्गात प्रमिला शेवटच्या बाकावर होती. भज्यांचा कागद नव्हता. तास संपल्यावर सरांनी तिला थांबवलं.

"आई कशी आहे?"

प्रमिलानं तोंड उघडलं आणि तशीच राहिली. जिभेवर आलेलं नाव निसटावं तसा तिचा चेहरा झाला.

"सर, मी मावशीकडं वाढले. धुळ्यातच." मग म्हणाली, "पण सर, मला रोज सकाळी वाटतं, आपण कुठून तरी लांबून आलोय. पायांना धूळ असते."

भंगाळे सर भुताखेतांची टिंगल करणारे गृहस्थ. परतीच्या वाटेवर त्यांनी पुष्कळ कारणं काढून पाहिली. हॉटेल उठवलं असेल. पोरगी रागावली असेल. सुपडूनानानं पथ्य धरलं असेल. एकही कारण पायावर उभं राहीना. आपण हसत हसत एका पोरीची आई पुसली, आणि ती परत आणायची तर आपल्यालाच आणावी लागेल, एवढंच शेवटी उरलं.

पुढच्या मंगळवारी ते तासाच्या आधीच चुडामणच्या खोलीत शिरले. चपला काढायला विसरले.

"ती उभी रेघ परत घाल."

"सर, चपला!"

"चुडामण, रेघ!"

चुडामणनं खटपट केली. पडदा प्रत्येक वेळी कुरकुरला आणि पोकळ ठिपका तसाच राहिला. "नाही घेत, सर. तुम्हीच तर सांगितलं होतं, एका जागेला एकच उत्तर. एकदा गाळलेल्या जागेत तो आता एकच वेळ घेईल. कोणती देऊ?"

सर विचारात पडले. गाडी तिथं पोचते ती वेळ द्यावी? मग गाडी तिथं पोचेल आणि पोचलेलीच राहील. पुढं कशी निघणार? मधली वेळ द्यावी? तेच. शेवटी त्यांनी नीट तर्कानं ठरवलं. गाडी निघते ती वेळ द्यायची. बेबाबाई कप गोळा करतेय, सुपडूनाना हॉर्न वाजवतोय, ती वेळ. निदान कुणी अडकून पडणार नाही.

चुडामणनं आकडा टाकला. ठिपका भरला. काळाभोर.

फोन खरखरला, आणि तिकडून ठसठशीत आवाज आला, "सर, आई विचारतेय, शनिवारी भजी कांद्याची ठेवू का मिरचीची?"

सरांनी डोळे पुसले आणि चुडामणच्या पाठीत असा धपाटा घातला की तो मोज्यांवर घसरत दारापर्यंत गेला. "दोन्ही!" सर फोनमधे ओरडले. "दोन्ही ठेव म्हणावं!"

शनिवारी पारोळ्यापुढं निंब दिसला. भट्टीचा धूर दिसला. सुपडूनानाचं पोट स्टिअरिंगला पूर्वीसारखं टेकलं होतं. गाडी थांबली. "बठ्ठा उतरा, चहा पी ल्या!" कंडक्टर सगळ्यांना उद्देशून ओरडला. सर सगळ्यांत पुढं होते. त्यांनी पायरीवर पाय ठेवला.

आणि ते गाडीत चढत होते.

जिभेवर आल्याचा चहा होता. जीभ पोळलेली होती. ओठ तेलकट, पोट गच्च. निंबाखाली बेबाबाई कप गोळा करत होती. तिनं हात वर केला. "या बरं सर, परत!"

सुपडूनानानं हॉर्न दिला. गाडी निघाली.

सरांना आधी गंमत वाटली. निघायची वेळ दिली, म्हणून निघायचीच वेळ मिळाली! गणितानं शब्द पाळला. त्यांनी शेजारच्या फेटेवाल्या आबांना विचारलं, "आबा, भजी कशी होती?"

"झकास! तुम्हीच तर दोनदा मागाडी, सर."

"मी? आणि मग आपण काय केलं?"

आबा हसले. हसता हसता थांबले. खिडकीबाहेर बघू लागले.

सरांनी तेलकट बोटं पुसायला रुमाल काढला.

नखांत माती होती. काळी, ओली. दाही नखांत, मुळापर्यंत, हातांनी खड्डा खणल्यासारखी.

त्यांनी आबांच्या हातांकडे पाहिलं. पुढच्या बाकावरच्या बाई लेकराला थोपटत होत्या. त्यांच्या हातांकडे पाहिलं. कंडक्टर सुटे पैसे देत आला. त्याच्या हातांकडे पाहिलं.

मग स्टिअरिंगवरच्या सुपडूनानाच्या हातांकडे.

गाडीत सगळे मजेत होते. कुणीतरी गाणं गुणगुणत होतं. कुणीच आपल्या मातीनं भरलेल्या नखांकडे बघत नव्हतं.

धुळ्याच्या वर्गात प्रमिला पहिल्या बाकावर होती. तिनं हसत कागद पुढं केला. अर्धी कांद्याची, अर्धी मिरचीची, अजून कोमट.

"सर, सकाळी निघताना आईनं निरोप दिलाय."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, सरले सांग, आते थोडंच ऱ्हायनं."

"थोडंच राहिलं? काय?"

"ते नाही सांगितलं," प्रमिला म्हणाली. "म्हणाली, सरांना माहीत आहे. जागा त्यांनीच दाखवली."