‘झालंच’ म्हणजे कधी?

“‘झालंच’ हा भूतकाळ की भविष्यकाळ?” ठोकळ्याने विचारलं.

ठोकळा म्हणजे मिहिकाच्या घरचा यंत्रमानव. घरी येणारे निरोप वाचायचे आणि प्रत्येकाला त्याचं सार सांगायचं, हे त्याचं काम. व्याकरणात एकदम पक्का, पण माणसांच्या बोलण्यात अगदी कच्चा. आई स्वयंपाकघरातून “आलेच हं!” म्हणाली की तो दाराकडे बघून “आलेल्या नाहीत” असं जाहीर करायचा. एरवी मिहिका पोट धरून हसली असती. आज मात्र तिने त्याच्याकडे रागाने पाहिलं, कारण याच शब्दापायी तिची शाळेत चांगलीच शोभा झाली होती.

त्याचं असं झालं. मिहिकाची ऋतुमावशी ‘चकवा’ नावाचा व्हिडिओ गेम तयार करत होती. रानात माणसाला वाट चुकवून गोल गोल फिरवणारं भूत म्हणजे चकवा, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मावशीच्या गेममध्ये सह्याद्रीतलं अख्खं जंगल होतं, आणि ते जिवंत असणार होतं. झाड तोडलं तर ओढा आटणार, ओढा आटला तर हरणं दुसरीकडे जाणार, हरणं गेली की बिबट्या गावात शिरणार. असा गेम काढायला कुठली कंपनी पुढे येईना, म्हणून मावशीने लोकांकडूनच वर्गणी मागितली. लोकांनी ती हौसेने दिली. मिहिकाने वाढदिवसाचे पैसे दिले आणि वर्गातल्या सगळ्यांनाही द्यायला लावले.

त्यानंतर वर्षांमागून वर्षं गेली. दर पाडव्याला मावशीचा निरोप यायचा, “चकवा होत आलाय.” जंगलाची चित्रं यायची, पक्ष्यांचे आवाज यायचे, गेम काही येत नव्हता. वर्गणीदारांच्या चर्चाफलकावर (सगळ्यांना लिहिता-वाचता येईल अशी जागा) लोक आता उघडउघड टर उडवू लागले होते. एकाने लिहिलं होतं, “नाव मात्र बरोब्बर ठेवलं, आम्हालाच चकवा दिला.” दुसरा म्हणाला, “गणपतीची वर्गणी दिली की निदान मूर्ती तरी दिसते!”

गेल्या आठवड्यात मावशीने लिहिलं, “आता चकवा झालाच म्हणून समजा.” ठोकळ्याने सार काढलं, “चकवा झाला.” मिहिकाने ते वर्गात ठासून सांगितलं. त्या दिवशी संध्याकाळी सगळे आपापल्या पडद्यापुढे ताटकळत बसले, आणि दुसऱ्या दिवशी वर्गातल्या तनिष्कने फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘मिहिका झालीच!’ त्याचा अर्थ कोणालाच कळला नाही, तरी सगळे हसले. मिहिका डबा न खाता घरी आली.

आणि आता रविवारी वर्गणीदारांची सभा होती. ‘चकवा’ चालू ठेवायचा की बंद करायचा, ते हात वर करून ठरणार होतं. वर्गणीदार म्हणून मिहिकालाही एक हात होता. तो वर करावा की नाही, हेच तिला कळत नव्हतं. मावशी तिची लाडकी होती, आणि मावशी खोटं बोलत असेल तर काय, हा विचार काही केल्या डोक्यातून जात नव्हता.

त्यात भर पडली नानांची. नाना म्हणजे तिच्या आईचे आणि मावशीचे वडील. सारी हयात वेधशाळेत हवामानाचे अंदाज बांधण्यात गेलेले शास्त्रज्ञ. त्यांनी चक्क चर्चाफलकावर, स्वतःचं नाव घालून लिहिलं होतं, “मला हे पटत नाही.”

“तुम्ही मावशीच्या विरुद्ध लिहिलंत?” मिहिका तणतणत त्यांच्या खोलीत गेली. “तिचे बाबा ना तुम्ही?”

“बाबा आहे म्हणून काय डोळे मिटून बसू?” नाना शांतपणे म्हणाले. “आणि विरुद्ध नाही लिहिलं गं. शंका घेतली. ‘ऋतुजा लबाड आहे’ असं लिहिणारे वेगळे, आणि ‘ती म्हणते ना, मग झालं’ असं लिहिणारे वेगळे. त्या दोघांनीही बघायचं सोडून दिलंय. मला बघायचंय, पण ती बघण्यासारखं काही सांगतच नाही.”

“सांगते की! होत आलाय म्हणते.”

नाना हसले. “हे बघ. आम्ही वेधशाळेत म्हणायचो, ‘उद्या साताऱ्यात पाऊस पडेल.’ नाही पडला तर काय व्हायचं?”

“तुम्ही चुकलात असं व्हायचं.”

“लोक आमची यथेच्छ थट्टा करायचे. पण चूक डोळ्यांना दिसायची, म्हणून ती कुठे झाली ते शोधता यायचं. वाऱ्याचा वेग चुकला का, बाष्प कमी धरलं का. आता समज, आम्ही नुसतं म्हटलं असतं, ‘पाऊस येतोच आहे.’ मग?”

मिहिकाने जरा विचार केला. “मग तुम्ही कधीच चुकला नसता.”

“आणि कधी काही शिकलोही नसतो. विज्ञानात पडताळ्याजोगं विधान लागतं (ज्याचं खरं-खोटं ठरवता येईल असं म्हणणं). ‘होत आलाय’ हे आजही खरं, दहा वर्षांनीही खरं. त्याचा पडताळा घ्यायचा कसा?”

मिहिकाला ते पटलं, पण समाधान झालं नाही. मुळात गेमला इतका उशीर का होतोय, ते नानांनाही माहीत नव्हतं. शनिवारी शाळा सुटल्यावर ती सौरबसने (उन्हावर चालणाऱ्या बसने) थेट मावशीच्या कार्यशाळेत गेली.

मावशीचे डोळे सुजले होते. टेबलावर चहाचे चार कप तसेच पडले होते. मिहिकाने आडपडदा न ठेवता विचारलं, “मावशी, तू खोटं बोलतेस का गं?”

 मावशीने कोपऱ्यातला कॅरम ओढला आणि सोंगट्या काढल्या. एक काळी ठेवली. “हे अस्वल. एकटंच आहे. काही अडचण?”

“नाही.”

तिने पांढरी ठेवली. “ही मधमाशी. आता या दोघांची ओळख करून द्यायला हवी. अस्वल पोळं खाणार, माश्या चावणार, अस्वल पळणार. एका गोष्टीचा दुसरीवर होणारा परिणाम, त्याला आंतरक्रिया म्हणतात. दोन सोंगट्या, एक आंतरक्रिया. आता तिसरी ठेव. हा पाऊस.”

“पावसाची अस्वलाशी ओळख, आणि मधमाशीशी,” मिहिका बोटांवर मोजत म्हणाली. “म्हणजे तीन.”

“चौथं झाड.”

“त्याची तिघांशी. सहा झाल्या. पाचवी सोंगटी आली की चारांशी, म्हणजे दहा.” मिहिका थांबली. “अगं, सोंगटी एकच वाढते, पण ओळखी दर वेळी आधीपेक्षा जास्त वाढतात!”

“दहा सोंगट्यांना पंचेचाळीस. शंभरांना चार हजार नऊशे पन्नास. आपल्या जंगलात तीनशे गोष्टी आहेत.”

मिहिकाने ठोकळ्यासारखा हिशेब करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. “किती?”

“चव्वेचाळीस हजार आठशे पन्नास. पहिल्या सोंगटीला कोणाचीच ओळख नको होती, शेवटचीला दोनशे नव्व्याण्णवांची हवी. मी ‘होत आलाय’ म्हणत होते तेव्हा सोंगट्या खरंच होत आल्या होत्या. ओळखी राहिल्या होत्या. गेल्या महिन्यात माश्या घातल्या, तर अस्वलं मधाच्या नादात झाडावरून उतरेचनात, त्यांची भीती गेली तशी हरणांना रान मोकळं मिळालं, त्यांनी सगळं गवत फस्त केलं आणि तीन दिवसांत जंगलाचं माळरान झालं.”

“मग माश्या घातल्यासच कशाला?”

मावशीचा चेहरा उतरला. “लोक चिडले होते. उशीर झाला म्हणून मी त्यांना म्हटलं, थांबा, आता मधमाश्याही देते. त्याआधीच्या वर्षी असंच धुकं कबूल केलं. त्याआधी वटवाघळं.”

“म्हणजे लोकांनी शंका घेतली की तू नवीन सोंगटी घालतेस, आणि सोंगटी घातली की आणखी उशीर होतो!” मिहिका उडालीच. “हे त्यांना सांगितलं का नाहीस?”

“भीती वाटली गं,” मावशी म्हणाली, आणि तिला रडू आलं. मिहिकाने तिचा हात धरला. मावशी लबाड नाही म्हणून तिला फार बरं वाटलं, आणि मावशीने हे सगळं इतके दिवस दडवलं म्हणून रागही आला.

रविवारी शाळेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. घरी बसून पडद्यावरून बघणारे तर हजारो होते. मावशी उठली, माईक हातात घेतला, आणि सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, “मंडळी, आता झालंच...”

सभागृह खो खो हसलं. मागून कोणीतरी शिट्टी मारली.  “बंद करा!” असा ओरडा सुरू झाला.

मिहिका उठली. तनिष्क दोन रांगा पुढे बसला होता, त्याने वळून पाहिलं. “मावशी,” ती शक्य तितक्या मोठ्याने म्हणाली, “आम्हाला असं काहीतरी सांग, की जे खोटं ठरू शकेल.”

लोक बुचकळ्यात पडले आणि ओरडा थांबला. नाना मात्र खुर्चीत ताठ बसले.

 मग मावशीने सोंगट्यांचा सगळा हिशेब लोकांपुढे मांडला, भीती वाटली हेही सांगितलं. “अख्खं जंगल कधी होईल, मला माहीत नाही,” ती म्हणाली. “पण त्यातली एक देवराई मी वेगळी काढते. चाळीसच गोष्टी, सातशे ऐंशी ओळखी. पाडव्याला, दिवाळीच्या पाडव्याला, ती तुमच्या घरी तुम्ही स्वतः खेळाल. महिनाभर खेळूनही देवराई हिरवी राहील. माळरान झाली, तर चकवा बंद. तेव्हा हात वर करायचीही गरज नाही.”

“वटवाघळं?” कोणीतरी विचारलं.

“नाहीत,” मावशी म्हणाली. कितीतरी वर्षांत तिने लोकांना पहिल्यांदाच नाही म्हटलं होतं.

हात मोजायची वेळ आली. मिहिकाने हात वर केला, आणि या वेळी तो मावशी लाडकी म्हणून नव्हता. नानांनीही केला. चालू ठेवणारे जेमतेम जास्त भरले, तेही फक्त देवराईपुरते.

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी देवराई आली. चित्र नव्हे, खरी, आत शिरून फिरता येणारी. मिहिका तासभर हिंडली आणि वाट चुकली. नानांनी मात्र चष्मा सावरून एकेका गोष्टीची दुसरीशी गाठ घालून पाहायला सुरुवात केली. दुपारी त्यांनी चर्चाफलकावर लिहिलं, “गुहेच्या आतही पाऊस पडतो, हे चूक आहे. बाकी आत्तापर्यंत पटलं. महिना सरल्यावर पुन्हा लिहीन.” मावशीने खाली लिहिलं, “पाऊस आणि खडक यांची ओळख राहिली. उद्या दुपारी चारपर्यंत दुरुस्त करते. नाही झाली तर इथेच विचारा.”

त्यावर कोणीच टर उडवली नाही. उलट लोक आपापल्या घरून चुका शोधून लिहायला लागले. कुणाचं माकड पाण्यावर चालत होतं, कुणाच्या मोराला सावली नव्हती.

संध्याकाळी तनिष्क आईने दिलेलं फराळाचं ताट घेऊन आला. ताट टेबलावर ठेवून तो तिथेच घुटमळत राहिला.

“जंगल अजून झालेलं नाही,” मिहिका त्याला आधीच म्हणाली. “देवराई चालते. गुहेत पाऊस पडतो, तो चुकून पडतोय.”

“कायच्या काय! गुहेत कसा पडेल पाऊस?” तनिष्क म्हणाला. “दाखव बघू.”

आणि खुर्ची ओढून तो तिच्याशेजारी बसला.