वजाबाकीतला आवाज

चाचणीच्या टाकीत पाणबुडीचं मॉडेल सोडण्याआधी पाणी निवावं लागतं. आधीच्या फेरीच्या लाटा भिंतींवर आपटून दमल्या, पृष्ठभाग काचेसारखा झाला, की पाण्याखालच्या माइकवर रिकाम्या टाकीचा आवाज टिपायचा. मग वरच्या गाड्याला जोडलेलं मॉडेल धावतं. त्याच्या आवाजातून रिकाम्या टाकीचा आवाज वजा करायचा; उरेल तो पाणबुडीचा. इथे उभा जन्म काढलेली माणसंही या वजाबाकीकडे दुसऱ्यांदा बघत नसत.

पाणी निवेपर्यंत बोलायला बंदी होती. टाकी सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला सगळे भोंगा म्हणत. त्याचा आवाज असा, की नशिबानं त्याला इथे चिकटवलं ते थट्टा म्हणूनच.

नव्या पाणबुडीच्या शेपटीवरून धाकटीचं आणि मोठ्या साहेबांचं वाजलं होतं. धाकटी ही संघातली सगळ्यांत नवी अभियंता. घरी धाकटी, इथेही धाकटीच. शेपटीचे पंख मोठे ठेवले तर पाणबुडी चटकन वळते, खाली गेलेलं नाक लगेच वर येतं. पण मोठ्या पंखांमागचं ढवळलेलं पाणी प्रॉपेलरवर जातं आणि तो कुरकुरतो. पंख लहान केले तर पाणबुडी मुकी होते, पण हट्टीही. दोन्ही डगरींवर हात ठेवायची सोय नव्हती.

"पाणबुडी जगते ती गप्प राहून, मॅडम," साहेब म्हणाले होते. "तुमचे पंख म्हणजे मांजराच्या गळ्यातली घंटा. शेवटच्या चाचणीत आवाज मर्यादेत आला तर ठीक, नाहीतर कात्री."

"आणि नाक खाली गेलं तर?"

"सुकाणूवाला कशाला ठेवलाय मग?"

त्या पाणबुडीवर नेमलेला सुकाणूवाला तिचा सख्खा भाऊ होता. साहेबांना ते ठाऊक नव्हतं. सांगून आपलं गणित रडकं करणं तिला पटत नव्हतं.

शेवटच्या चाचणीच्या दुपारी पाणी निवलं, तिनं हेडफोन चढवला आणि रिकाम्या टाकीत काहीतरी फिरताना ऐकलं.

प्रॉपेलर. संथ, दमदार. प्रत्येक फेऱ्यात एक ठोका जरा जड.

मॉडेल पाण्याबाहेर हुकाला टांगलेलं होतं. त्याची पाती स्थिर होती.

"भोंगाराव, गाडा बंद आहे ना?"

"गाडा बंद, पंप बंद, माझं तोंडही बंद. आणखी काय बंद करू?"

"मेन."

त्यानं मेन पाडला. दिवे गेले. वरच्या खिडक्यांतून येणाऱ्या उन्हात पाणी आरशासारखं पडून होतं. माइक बॅटरीवर चालत. आवाज चालूच राहिला.

माइक टाकीच्या दोन टोकांना होते. आवाज आधी पलीकडच्या माइकला पोचत होता, मग अलीकडच्या. म्हणजे तो पलीकडून येत होता. दोन्हीकडे तो सारखाच मोठा होता, म्हणजे फार लांबून. तिनं हिशेब पुन्हा केला. टाकी तिकडे भिंतीशी संपत होती. भिंतीमागे सायकलस्टँड होता.

तिनं हेडफोन भोंग्याला दिला. त्यानं ऐकलं, काढला, आणि मेन चढवला.

मग मॉडेल सोडलं. नेहमीची वजाबाकी झाली. मोठ्या पंखांचा आवाज मर्यादेच्या खाली आला, चांगलाच खाली. रिकाम्या टाकीत टिपलेल्या, आणि आता थांबलेल्या, त्या आवाजानं वजा होताना पंखांची कुरकुर गिळून टाकली होती.

साहेब पडद्यावर वाकले. "जमलं की! उगाच त्रागा करत होतात."

तिनं तोंड उघडलं. रिकामं पाणी रिकामं नव्हतं एवढं म्हटलं की चाचणी पुन्हा होणार, खरा आकडा येणार, कात्री लागणार. तिनं तोंड मिटलं.

"हो सर."

साहेब गेल्यावर भोंगा म्हणाला, "मी काही ऐकलं नाही, मॅडम." तो पहिल्यांदाच कुजबुजत होता.

पुढे पाणबुडी बांधून झाली, पाण्यात उतरली. पहिल्या सुट्टीला दादा घरी आला. तो वाळला होता, पण पोटभर जेवत होता. धाकटी समोर बसली.

"पंख कसेत?"

"सोन्यासारखे. मनात आणावं आणि वळावं."

"आवाज?"

"कुरकुरते जरा. तुझ्यावर गेलीय."

ती हसली. ती कुरकुर समुद्रात कुणालाही ऐकू जाईल हे तिला कळत होतं. त्यालाही कळत असणार.

"मोटार थांबवून आम्ही ऐकतो ना," तो म्हणाला, "तेव्हा मागे एक पाणबुडी असायची."

"कुणाची?"

"कुणास ठाऊक. प्रॉपेलर हुबेहूब आमचा. फेऱ्यात एक ठोका जड, तोसुद्धा. आम्ही वळलो की तीही वळायची. फक्त उशिरा. फार उशिरा."

तिचा घास हातातच राहिला.

"पंख लहान असल्यासारखी?"

"हां. अगदी तशी."

"असायची म्हणजे? आता नाही?"

"शेवटच्या खेपेला आम्ही खोल गेलो. मी सुकाणूचा दांडा छातीकडे ओढला, नाक उचललं, वर आलो. ती नाही आली. खाली जाताना ऐकू येत होती. बराच वेळ."

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता.

मग तिला त्याचे हात दिसले. ताट बाजूला सरकलं होतं. त्यानं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती आणि तो ती छातीकडे ओढत होता. बोटांची पेरं पांढरी पडली होती. ग्लासातलं पाणी थरथरत होतं. चेहरा मात्र शांत, गप्पा मारणाऱ्या माणसाचा.

"दादा, सोड ते."

त्यानं हातांकडे पाहिलं, ते दुसऱ्या कुणाचे असावेत तसं.

"कधीचा ओढतोय," तो म्हणाला. "नाक वर येईना गं."