एस्केपवरचं बोट

"माउसला हात लावू नका," लिखिता ओरडली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. चहाचा पेला टेबलावर ठेवताना नव्या मुलाचं कोपर माउसला लागलं, पडद्यावरचा बाण सरकला आणि सुब्बय्याने भलत्याच जागी क्लिक केलं.

सुब्बय्या म्हणजे कुणी माणूस नव्हे. माधापुरातल्या त्या छोट्या कंपनीने बनवलेला तो एआय मदतनीस, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर माणसासारखं काम करणारा. पडद्याचा फोटो घ्यायचा, विचार करायचा, एक क्लिक करायचं... की पुन्हा फोटो. नव्या नवरीने मिठाचा डबासुद्धा सासूला विचारून उघडावा, तसं त्याचं चाले. आणि तो काही वेडंवाकडं करू लागला तर थांबवायचं म्हणून एस्केपच्या बटणावर बोट ठेवून बसणं, ही लिखिताची नोकरी. ती जन्मलीच होती त्यासाठी म्हणा ना. गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत जाणारी मुलगी ती.

"माफ करा हं. मी वंशी, काकिनाड्याचा. याला जरा पळवायला म्हणून मला घेतलंय."

"पळवा की. आधी स्वतःचं कोपर आवरा."

तो हसला. बाहेर पाऊस होता, त्याच्या केसांतलं पाणी कपाळावर ओघळत होतं आणि ते तो बाहीने पुसत होता. लिखिता रागावलेली होती, तरी हे सगळं तिने पाहिलं. बघण्याचाच पगार घेणारी मुलगी, तिला दोष तरी कसा द्यायचा?

दुसऱ्या दिवशी तो काकिनाड्याचा काजा, तिथली पाकातली मिठाई, घेऊन आला. पाक बोटांना चिकटला, बोटं कीबोर्डला चिकटली, आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. वंशीचं म्हणणं सोपं होतं. "दर पावलाला कशाला बघायचं? नाव टाक, आकडा टाक, पुढे जा, एंटर मार. चार कामांची एक जुडी बांधायची आणि एका दमात उरकायची."

"आणि मध्येच काही उपटलं तर?"

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस. काही उपटत नाही गं."

सुब्बय्या खरंच पळू लागला. लिखिताची झोप मात्र उडाली, आणि ती काही फक्त सुब्बय्यापायी नव्हे. वंशीला बोलीवर ठेवलेलं होतं. गुंटूरच्या वरलक्ष्मीगारूंनी, म्हणजे वरलक्ष्मीबाईंनी, कंपनीला काम दिलं तर तो राहणार, नाही तर बाडबिस्तरा घेऊन काकिनाड्याला परत. तिला तो आवडत होता, फार आवडत होता, आणि हे त्याला सांगायची हिंमत तिच्यात नव्हती.

वरलक्ष्मीगारू आल्या त्या दुपारीही पाऊस होता. बाईंचं गुंटूरला मिरचीचं शीतगृह. कुठल्या व्यापाऱ्याची किती पोती बाहेर सोडायची, त्याचे परवाने त्यांच्या जुन्यापुराण्या प्रोग्रॅममधून निघत. ते आता सुब्बय्याने काढून दाखवायचे होते. कंपनीचे मालक कोटेश्वररावसर हात चोळत उभे होते. वंशीने लिखिताकडे बघून भुवई उडवली. तिला हसू आलं नाही.

पहिला परवाना झटक्यात निघाला. दुसराही. बाईंनी चष्मा वर केला आणि कोटेश्वररावसरांचा चेहरा खुलला. तिसऱ्या परवान्याला नाव टाइप झालं... आणि पडद्याच्या मधोमध एक चौकट उघडली. या नावाचे दोन व्यापारी आहेत, कोणता हवा?

जुडीत तर पुढचं काम बांधलेलं होतं, एंटर. सुब्बय्या आता बघणार नव्हता. एंटर पडताच पहिल्या नावावर शिक्का बसणार आणि एकाची मिरची दुसऱ्याच्या लॉरीत चढणार. थांबवावं, तर वंशीचं काम सगळ्यांदेखत तोंडघशी पडणार. तिला त्याचं ओलं कपाळ आठवलं, काकिनाड्याची गाडी आठवली.

लिखिताने बटण दाबलं.

"का थांबवलंत?" बाईंनी विचारलं. तिने चौकटीतल्या दोन नावांवर बोट ठेवून सांगितलं. बाईंनी ती चौकट स्वतः वाचली. मग पर्स उचलून म्हणाल्या, "सोमवारी पुन्हा दाखवा. तेव्हा ठरवू." कोटेश्वररावसर त्यांना पोचवायला गेले. जाताना त्यांनी वंशीकडे असं पाहिलं की लिखिताच्याच तोंडचं पाणी पळालं.

ती मागच्या जिन्यात जाऊन उभी राहिली. डोळे पुसते न पुसते तोच मागून पावलं वाजली.

"रागावलास?" तिने वळून न बघता विचारलं.

"दोन मजले रागावलो होतो. तिसऱ्यावर राग संपला."

"मी तुझं काम बुडवलं, वंशी."

"बुडालं असतं ते वाचवलंस. त्या जुडीत मी एक थांबा ठेवायला हवा होता. नाही ठेवला." तो तिच्या शेजारी कठड्याला टेकला. पावसाचे थेंब दोघांच्याही हातांवर पडत होते. "का, माहीत आहे? सगळ्यांना वाटतं, वंशी मोठा बिनधास्त. कसला बिनधास्त... मला ठाऊक असतं की तू बघते आहेस, म्हणून धावतो. आधीच्या नोकरीत प्रत्येक क्लिकला घाम फुटायचा मला."

लिखिताने आता वळून पाहिलं. तो हसत नव्हता. त्याची बोटं कठड्यावर उगाच टकटक करत होती, आणि हा मुलगाही घाबरतो हे तिला पहिल्यांदाच दिसलं.

"सोमवारी नाही जमलं तर?" ती हळूच म्हणाली.

"तर काकिनाडा. नोकरी काय, दुसरी मिळेल. पण असं बघणारं माणूस..." तो अडखळला. "लिखिता, सोमवारचं काय व्हायचं ते होवो. त्याआधी तुला एक विचारायचं होतं. म्हणजे, तुला वेळ हवा असेल तर—"

"हो."

"अगं, अजून विचारलंच नाही मी."

"विचार सावकाश," ती म्हणाली. "माझं उत्तर देऊन झालंय."