दिलरुब्याची चुगली कुणी केली?

आई अळूवडीची कृती शोधायला गेली आणि आमचं गुपित फुटलं!

कराडच्या आमच्या घरात गुपित टिकत नाही, हे मान्य. पण हे टिकायलाच हवं होतं. आई लग्नाआधी दिलरुबा (गजाने वाजवायचं तंतुवाद्य) वाजवायची. पुढे ते वाद्य मोडलं आणि वाजवणंही सुटलं. रविवारी तिचा चाळिसावा वाढदिवस, म्हणून बाबांनी आणि मी गुपचूप नवा दिलरुबा आणायचं ठरवलं होतं. तिसरा भागीदार ठोंब्या, म्हणजे आमचा घरकाम करणारा रोबो. भांडी घासताना दर दोन दिवसांनी एक कप फोडतो, म्हणून हे नाव मीच ठेवलंय. मी बालवाडीत असल्यापासून तो आमच्याकडे आहे.

शनिवारी दुपारी आई फ्रिजच्या दारावरच्या स्क्रीनसमोर उभी होती. एकदम वळून म्हणाली, "काय गं रेवा, मला दिलरुबा आणताय की काय? अळूवडी विचारली, तर हा फ्रिज मला दिलरुबेच दाखवत सुटलाय!"

बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. माझं तर डोकंच फिरलं. त्याच स्क्रीनवर मी दुकान शोधलं होतं, हे खरं. पण मी काय वेडी आहे? काम झाल्यावर शोधाची सगळी यादी पुसली होती. मग उरला कोण? ठोंब्या आणि फ्रिज घरातल्या एकाच जाळ्याला जोडलेले. आणि ठोंब्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक!

"यानेच फ्रिजला सांगितलं!" मी ओरडले. "चुगलखोर मेला!"

बाबा गंभीर झाले. "घरातलं बोलणं हा बाहेर पुरवत असेल, तर ठेवून चालणार नाही," म्हणत त्यांनी ठोंब्याच्या कंपनीला फोन लावला. उत्तर आलं, आमचा माणूस पाच वाजता येईल, याची सगळी स्मृती पुसेल, रोबो नव्यासारखा होईल.

'बरं झालं,' असं मला वाटलं. अगदी दोन मिनिटं वाटलं. मग ठोंब्या माझ्याजवळ आला.

"रेवा, मी सांगितलं नाही. पण पुसणारच असतील तर एक लिहून घे. तुझा पहिला पडलेला दात पेरूच्या झाडाखाली पुरलाय, डाव्या बाजूला. हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात नाही."

आम्ही दोघांनी मिळून तो दात पुरला होता आणि त्याला रोज पाणीही घातलं होतं! मी धावत वर गेले, आजोबांकडे. माझे हे आजोबा, म्हणजे आईचे बाबा, निवृत्त होईपर्यंत संगणकांच्या जाळ्यांवर काम करायचे.

"आजोबा, चला लवकर! पाचला ठोंब्याला पुसणार आहेत!"

सगळं ऐकून त्यांनी चष्मा लावला. "पुराव्याशिवाय शिक्षा? हे कुठलं शहाणपण? किती वाजले?"

"साडेचार!"

"भरपूर वेळ आहे. प्रयोग करू."

खाली येऊन त्यांनी आधी ठोंब्याला बंद केलं, चक्क बटण दाबून. "आता हा काही ऐकत नाही, बोलत नाही. रेवा, तुझं ते दुकान उघड आणि तिथे अशी वस्तू बघ, जी या घरात जन्मात कुणी मागितली नसेल."

मी तुतारी शोधली. दुकानाचं पान उघडताच, दर वेळेसारखी, मधोमध पाटी आली: 'आम्ही कुकी वापरतो.' खाली भलंमोठं हिरवं बटण, 'सगळं मान्य'. मी सवयीने पटकन दाबलं. आजोबांनी ते बरोबर टिपलं. मी पाच-सहा तुताऱ्या बघितल्या.

"आता अळूवडी."

मी पाककृतीचं पान उघडलं. अळूवडीच्या शेजारी हीऽऽ मोठी तुतारी! 'तुमच्यासाठी खास!'

"अगं बाई!" आई हसत सुटली. मी ठोंब्याकडे बघितलं. तो दगडासारखा बंद. म्हणजे त्याने सांगितलंच नव्हतं!

"मग कुणी, आजोबा? यादी तर मी पुसली होती!"

"यादी पुसलीस, चिठ्ठ्या नाही पुसल्यास. आपल्या गिरणीवाल्या निवृत्तीकाकांकडे रोज किती डबे येतात? शंभर? कुणाचं काय ते त्यांच्या लक्षात राहील का? म्हणून ते डब्यालाच चिठ्ठी चिकटवतात: 'रेवा, ज्वारी, बारीक'. डबा चिठ्ठीसकट घरी जातो. पुढच्या वेळी काका चिठ्ठी वाचतात, तुला काही सांगावं लागत नाही. संकेतस्थळंही अशीच विसरभोळी. ती तुझ्या ब्राउझरमध्ये (इंटरनेटवरची पानं उघडून दाखवणाऱ्या साधनात) छोटीशी नोंद ठेवतात. तिलाच कुकी म्हणतात. तू पुन्हा गेलीस की ती वाचायची आणि तुला ओळखायचं."

"यात वाईट काय?"

"काहीच नाही! तुझी भाषा, तुझी खरेदीची टोपली लक्षात राहते. पण समज, गिरणीत एक तिसराच माणूस उभा आहे. तो तुझ्या डब्याच्या बुडाला स्वतःचा नंबर चिकटवतो, ४०७१. तोच माणूस तेलाच्या घाण्यावर उभा, वाण्याकडेही उभा. तुझं नावही त्याला ठाऊक नाही. पण ४०७१ नंबरचा डबा कुठे कुठे फिरला, ते सगळं ठाऊक!"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "म्हणजे दुकानाच्या पानावर आणि अळूवडीच्या पानावर तोच जाहिरातवाला बसलाय! आणि डबा म्हणजे आपल्या फ्रिजचा ब्राउझर! मी वापरला काय, आईने वापरला काय, त्याला नंबर एकच दिसणार!"

"शाब्बास! याला तृतीय पक्षाची कुकी (आपण ज्या संकेतस्थळावर गेलो, ते सोडून भलत्याचीच चिठ्ठी) म्हणतात. पण एका प्रयोगावर विसंबायचं नाही. उलटा करून बघ."

पाचला दहा कमी! आजोबांनी दाखवलं तशा मी सगळ्या कुकी पुसल्या. दुकान पुन्हा उघडलं. या वेळी पाटी नीट वाचली. हिरव्या बटणाखाली बारीक राखाडी अक्षरांत लिहिलं होतं, 'फक्त आवश्यक'. ते दाबलं. मग संबळ बघितला, तोही चांगला पाच वेळा. आणि अळूवडी उघडली.

संबळ नाही! शेजारी नुसती अंगाच्या साबणाची जाहिरात!

मी उडीच मारली. आणि तेवढ्यात दाराची घंटा वाजली. कंपनीचा माणूस हातात पेटी घेऊन उभा.

"थांबा! पुसू नका!" मी आडवी आले. मग बाबांकडे वळून सांगून टाकलं, "बाबा, ठोंब्याची काही चूक नाही. न वाचता 'सगळं मान्य' मीच दाबलं होतं. आणि आळ मात्र त्याच्यावर घेतला."

"मीही शहानिशा न करता फोन लावला," बाबा म्हणाले आणि त्या माणसाला चहा पाजून परत पाठवलं.

"सगळी चूक तुझीही नाही," आजोबा म्हणाले. "'हो' ढोलाएवढं आणि 'नको' मुंगीएवढं, हे काय विचारणं झालं? आपल्या वाचनालयाचं पान बघ."

मी पाहिलं. 'हो' आणि 'नको' एकाच मापाची. चिठ्ठी कशासाठी, ती किती दिवसांनी आपोआप पुसली जाईल, सगळं साध्या मराठीत. आणि 'नको' म्हटलं तरी पुस्तकं दिसतच होती.

"असंही करता येतं तर!"

"येतंच. चिठ्ठी वाईट नसते गं, न विचारता चिकटवलेली वाईट. उद्या तुम्ही पोरं संकेतस्थळं बांधाल, तेव्हा हे विसरू नका."

कशाला विसरेन? आमच्या वर्गाचं बियाण्यांच्या देवाणघेवाणीचं संकेतस्थळ पुढच्या महिन्यात सुरू होतंय. त्याची पाटी मीच लिहिणार, आणि 'नको' चांगलं ठसठशीत लिहिणार!

मग मी ठोंब्याचं बटण दाबलं. त्याचे डोळे निळे झाले.

"ठोंब्या, चुकले रे मी. चुगली तू केली नव्हतीस."

"मी तेच सांगत होतो," तो म्हणाला.

रविवारी आईने दिलरुबा मांडीवर घेतला. पहिला सूर अगदीच बेसूर निघाला, दुसरा जरा बरा. तिसऱ्याला तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

ठोंब्या कपबशा घेऊन माझ्याशेजारी उभा होता. वाकून हळूच म्हणाला, "रेवा, हे लक्षात ठेवू का? 'नको' म्हणालीस तरी चालेल."

"मला काय विचारतोस? डोळे आईचे भरलेत. तिला विचार."

ठोंब्या आईपाशी गेला आणि त्याने तोच प्रश्न विचारला. आईने गज थांबवला, डोळे पुसले आणि म्हणाली, "ठेव रे बाबा. पण तो पहिला सूर मात्र विसर!"